जुना फोन रूट करायचाय? आधी गल्ल्यावरचा फोन बाजूला ठेवा



रूट आणि कस्टम रॉमचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, घरात जुना फोन पडलाय. रूट केला तर रेंज वाढेल का? आणि यूपीआय चालेल का?" विचारणारे बरेचसे आपल्या नर्मदाकाठचे आहेत, मणिबेलीपासून वरच्या पाड्यांपर्यंतचे. व्हिडिओत घाईत सांगितलं होतं, इथे नीट लिहितो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. रेंज वाढणार नाही. यूपीआयचा भरवसा राहणार नाही. तरीही जुन्या फोनसाठी ही गोष्ट कामाची आहे. फक्त कोणत्या फोनवर करायची आणि कोणत्या फोनला हात लावायचा नाही, हे ठरवता आलं पाहिजे.

रूट वेगळं, कस्टम रॉम वेगळं

लोक दोन्ही शब्द एकच समजून वापरतात. तसं नाहीये.

अँड्रॉइडच्या खाली लिनक्स आहे. लिनक्समध्ये सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याला 'रूट' म्हणतात. फोन विकत घेताना कंपनी आपल्याला हा अधिकार देत नाही. भाड्याचा गाळा घेतला, काउंटरची चावी मिळाली, पण मागच्या गोडाऊनची चावी मालकाकडेच राहिली, तसं समजा. रूट करणं म्हणजे ती गोडाऊनची चावी मिळवणं. मग कंपनीनं टाकलेले नको असलेले ॲप काढता येतात, पूर्ण बॅकअप घेता येतो, सिस्टीमच्या फाइल बदलता येतात. पण ही चावी ज्या ॲपला दिली, ते ॲपही आत काहीही करू शकतं.

कस्टम रॉम म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअर काढून दुसरं अँड्रॉइड टाकणं. अँड्रॉइडचा मूळ कोड गूगल खुला ठेवतं, त्यामुळे हे शक्य होतं. २००९ मध्ये सायनोजेनमॉड सुरू झालं. पुढे त्याची कंपनी झाली. भारतात डिसेंबर २०१४ मध्ये तर त्यावरून कोर्टकचेरी झाली. सायनोजेनचे भारतातले हक्क आपल्याकडे आहेत असं म्हणत मायक्रोमॅक्सनं वनप्लसविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालय गाठलं. मायक्रोमॅक्सचा यू युरेका फोन ८,९९९ रुपयांना आला तो हेच सॉफ्टवेअर घेऊन. २०१६ च्या शेवटी सायनोजेननं काम थांबवलं आणि त्याच कोडवर लिनिएज ओएस उभं राहिलं. आज कस्टम रॉम म्हटलं की पहिलं नाव त्याचंच येतं.

आता हे लक्षात घ्या. लिनिएज टाकलं म्हणजे फोन रूट होत नाही. रूट वेगळं करावं लागतं, बहुतेक जण त्यासाठी मॅजिस्क वापरतात. जुना फोन फक्त वापरता यायला हवा असेल, तर रूटची गरजच नसते.

रेंज का वाढत नाही

मणिबेली म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातलं, सरदार सरोवराच्या काठावरचं गाव. राज्याच्या मतदान केंद्रांच्या यादीत पहिला क्रमांक या गावाचा. यादी इथून सुरू होते, पण नेटवर्कची रड जुनीच आहे. कारण साधं आहे. टॉवर लांब आणि मध्ये सातपुड्याचे डोंगर.

फोनमध्ये सिग्नल पकडायचं काम अँटेना आणि मोडेम करतात. मोडेमचं स्वतःचं वेगळं सॉफ्टवेअर असतं. रूट केल्यानं अँटेना मोठी होत नाही आणि डोंगर बाजूला सरकत नाही. "रूट करून सिग्नल बूस्टर" सांगणारे व्हिडिओ फार तर सिग्नलच्या काड्यांचं चित्र बदलून दाखवतात.

उलट नुकसान होऊ शकतं. जिओ २०१६ मध्ये आलं ते थेट ४जीवर, त्यांचं २जी-३जी नाहीच. म्हणजे जिओवर साधा कॉलसुद्धा व्होल्टीवरूनच लागतो. एखाद्या कस्टम रॉममध्ये त्या मॉडेलचं व्होल्टी नीट बसवलेलं नसेल, तर इंटरनेट चालेल पण कॉल लागणार नाही. आधी वाडीच्या टेकडीवर चढून का होईना कॉल लागत होता, आता तिथेही नाही! म्हणून रॉम निवडताना त्या मॉडेलच्या पानावर 'काय चालत नाही' ही यादी आधी वाचायची.

पैशाचे ॲप का रुसतात

फोन चालू होताना पहिला जागा होतो बूटलोडर. हा फोनचा वॉचमन. पुढे चालू होणारं सॉफ्टवेअर कंपनीच्या सही-शिक्क्याचं आहे का, हे तो तपासतो. कस्टम रॉम टाकायला हे कुलूप उघडावं लागतं, त्यालाच बूटलोडर अनलॉक म्हणतात. त्यानंतर फोन दर वेळी चालू होताना इशारा दाखवतो.

बँकेचे ॲप नेमकी हीच गोष्ट बघतात. गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीतून ॲपला कळतं की हा फोन मूळ अवस्थेत आहे की नाही. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेचे निर्देश काढले. फोन किमान अटींमध्ये बसतो का हे बघूनच ॲप चालू द्यावं, असं त्यात बँकांना सांगितलंय. त्यामुळे ॲप बंद पडलं तर ती बँकेची मुजोरी नाही. रूट असलेल्या फोनवर एखादं चोर ॲप तुमचा पिन किंवा ओटीपी वाचू शकतं, म्हणून ते दार बंद करतात.

"रूट लपवून यूपीआय चालू करून देतो" म्हणणारे भेटतात. ते जमतं कधीकधी. पण ॲप किंवा गूगलची तपासणी अपडेट झाली की बंद, आणि ते कधी होईल हे आपल्या हातात नाही. धंदा अशा गोष्टीवर उभा करायचा नसतो.

आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा मोठा का

आपलं नंदुरबार या बाबतीत साधं नाही. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आज त्याच आधारवर पाड्यापाड्यांत पैसे निघतात. गावातल्या किराणा दुकानदाराकडे किंवा बँक मित्राकडे एक अँड्रॉइड फोन आणि अंगठ्याचं मशीन असतं. लाडकी बहीणचे १,५०० रुपये, म्हाताऱ्यांची पेन्शन, मजुरीचे पैसे तिथेच निघतात.

हे अंगठ्याचं मशीन चालवायला फोनमध्ये आरडी सर्व्हिस नावाचं ॲप लागतं. फोन रूट आहे का, हे तेही तपासतं. रूट सापडला की अंगठा घेत नाही. आता विचार करा. एखादी आजी होडीनं किंवा दोन-तीन तास पायी येते, अंगठा लावते, आणि तुम्ही म्हणता, "आजी, आज मशीन चालत नाही, उद्या या." तिचा दिवस गेला, आणि तुमच्या दुकानावरचा तिचा विश्वासही गेला. तुम्ही रात्री जागून फोनमध्ये नवीन थीम टाकली होती, हे तिला कसं समजावणार?

म्हणून नियम एकच. ज्या फोनवर दुसऱ्याचे पैसे चालतात, तो फोन रूट करायचा नाही, अनलॉक करायचा नाही, त्यावर प्रयोग करायचा नाही. आईच्या खात्याचं सिम ज्यात आहे, तो फोनसुद्धा याच यादीत.

मग कोणता फोन घ्यायचा

कपाटात पडलेला. ज्यात सिम नाही, बँक नाही, आणि कंपनीचे अपडेट बंद झालेत.

उदाहरण घ्या रेडमी नोट ४ चं. जानेवारी २०१७ मध्ये भारतात आला, गावोगावी खपला. कंपनीनं त्याला अँड्रॉइड ७ पर्यंत नेलं आणि थांबली. स्वयंसेवकांनी मात्र कस्टम रॉममधून त्याला पुढची अँड्रॉइड दिली. असा फोन पुन्हा उभा राहिला तर काय कामाचा? ई-बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये भरून मुलांना द्या. ऑफलाइन नकाशा टाका. दुकानाचा स्टॉक आणि उधारीची वही त्यात ठेवा. या कामांना रेंज लागत नाही. बाजाराच्या दिवशी वायफायवर एकदा भरून घ्यायचं, आठवडाभर वापरायचं.

पण हिशेब करा. समजा जुना फोन विकला तर १,५०० रुपये येतात आणि बॅटरीच फुगलेली आहे. मग आधी बॅटरी बदलायचा खर्च धरा. स्क्रीनही गेलेली असेल तर सोडून द्या. सॉफ्टवेअर नवीन टाकल्यानं हार्डवेअर नवीन होत नाही.

काम कसं चालतं, क्रमानं

१. मॉडेलचं नाव नाही, कोडनेम बघा. भारतातल्या रेडमी नोट ४ चं कोडनेम 'मिडो'. त्याच नावाचा वेगळ्या चिपचा फोन चीनमध्ये होता, त्याचं कोडनेम वेगळं. चुकीची फाइल टाकली की फोन जातो.

२. फोटो, नंबर, सगळं बाहेर काढा. अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हा बिघाड नाही, मुद्दाम ठेवलेली सुरक्षा आहे. नाहीतर चोराला फोन अनलॉक करून तुमचे फोटो बघता आले असते.

३. डेव्हलपर ऑप्शनमध्ये ओईएम अनलॉकिंग सुरू करा. शाओमीच्या फोनला खातं जोडावं लागतं, तेही वायफायवर नाही, सिमच्या डेटावर. त्यानंतर बऱ्याचदा १६८ तास, म्हणजे सात दिवस थांबवतात. म्हणून हे काम रेंज असलेल्या ठिकाणी सुरू करा. काही कंपन्या आणि काही मॉडेल अनलॉक करूच देत नाहीत, तिथे विषय संपला. सॅमसंगमध्ये अनलॉक करून दुसरं सॉफ्टवेअर टाकलं की नॉक्सचा फ्यूज कायमचा उडतो. परत मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी तो जुळत नाही.

४. बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त, चांगली डेटा केबल, आणि डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप. आपल्याकडची लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

५. संगणकावरून फास्टबूटमध्ये अनलॉक करा, मग रिकव्हरी टाका. रिकव्हरीत गेल्यावर ईएफएस विभागाचा बॅकअप घेता येत असेल तर आधी तो घ्या. आयएमईआय तिथे असतो, तो उडाला तर सिम धरत नाही.

६. फाइल अधिकृत पानावरूनच घ्या आणि एसएचए-२५६ आकडा जुळवून बघा. रेंज तुटत-जुळत डाउनलोड केलेली फाइल अर्धवट असू शकते.

७. रिकव्हरीतून रॉम टाका. गूगलचे ॲप हवे असतील तर पहिल्यांदा फोन चालू करण्याआधीच टाकायचे.

८. कस्टम रॉम असताना बूटलोडर परत लॉक करू नका. बहुतेक फोन त्यानं कायमचे बंद पडतात.

एका क्लिकमध्ये रूट करून देणारे ॲप मात्र टाळा. गोडाऊनची चावी अनोळखी माणसाच्या हातात देण्यासारखं आहे ते.

मोबाईल दुकानदारांसाठी

ही सेवा देणार असाल तर तोंडी बोलू नका, कागदावर घ्या. मॉडेल, आयएमईआय, डेटा जाणार हे ग्राहकाला सांगितलं, यूपीआय आणि बँकेचे ॲप बंद पडू शकतात हे सांगितलं, वॉरंटी नाकारली जाऊ शकते हे सांगितलं, खाली सही. ताई-दादांना वाचता येत नसेल तर त्यांच्या बोलीत समजावून सांगा आणि घरातल्या एकाला सोबत बसवा. दर आधी ठरवा. आणि "यूपीआय चालेल" हे वाक्य कधीच बोलू नका.

दोन कामं कितीही पैसे दिले तरी करायची नाहीत. बिल न दाखवता गूगल खात्याचं कुलूप तोडून देणं, कारण तो फोन चोरीचा असू शकतो. आणि आयएमईआय बदलणं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ओळख क्रमांकाशी छेडछाड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पाचशे रुपयांच्या कामासाठी दुकान घालवू नका. फोन हातात घेतला की स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय बिलाशी जुळवायची सवय लावा.

तर आज घरी गेल्यावर एवढंच करा. घरातले सगळे फोन एका ओळीत ठेवा. ज्यात बँकेचं सिम आहे ते उचलून बाजूला ठेवा. उरलेल्यातला सगळ्यात जुना, पण बॅटरी धड असलेला, तो तुमचा शिकायचा फोन. त्याचं कोडनेम शोधा आणि कमेंटमध्ये लिहा. त्यासाठी रॉम आहे का, त्यावर व्होल्टी चालतं का, ते आपण मिळून बघू. आयएमईआय मात्र कमेंटमध्ये टाकू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.