उत्तनच्या बंदरातून रोमपर्यंत

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली की राई, मुर्धे, मोर्व्यापाशी मिठागरं लागतात आणि टॉवरचं शहर मागे पडतं. पुढे किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले बोंबील. इथली मासेमारी प्रामुख्यानं डोल जाळ्याची. नरसाळ्यासारखं जाळं प्रवाहात रोवून ठेवायचं, मासा भरती-ओहोटीच्या ओढीनं आत येतो. डोल माशामागे धावत नाही, ट्रॉलर धावतो. पारंपरिक मच्छीमार आणि ट्रॉलर यांच्यातल्या सगळ्या भांडणाचं मूळ तिथं आहे.

हे भांडण देशपातळीवर नेणारी संघटना म्हणजे नॅशनल फिशवर्कर्स फोरम. १९७८च्या सुमारास गोव्याचे मतानी साल्ढाणा आणि केरळचे फादर टॉम कोचेरी यांच्यासारख्यांनी किनाऱ्याकिनाऱ्यावरचे मच्छीमार तिच्यात गुंफले. पुढे संघटनेचं नेतृत्व केलेले लिओ कोलासो उत्तनचेच.

१९९१च्या खोल समुद्रातील मासेमारी धोरणानं परदेशी भागीदारीच्या जहाजांना परवाने मिळू लागले, तेव्हा फोरमनं १९९४ साली देशव्यापी बंद पुकारले. सरकारला मुरारी समिती नेमावी लागली. १९९६च्या अहवालात समितीनं ते परवाने रद्द करा अशीच शिफारस केली. होड्या किनाऱ्याला लावून धोरण बदलायला लावलं, याचं श्रेय मोर्च्यांइतकंच चिकाटीनं मांडलेल्या निवेदनांनाही द्यायला हवं. निवेदनांचे फोटो मात्र छापून येत नाहीत.

परदेशी जहाजांशी भांडायचं तर परदेशातले सोबतीही हवेत. २१ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत जागतिक मच्छीमार मंचाची स्थापना झाली, म्हणून कोळीवाड्यांतून हा दिवस मच्छीमार दिन म्हणून पाळतात. तीन वर्षांतच मंच दुभंगला आणि एकाचे दोन झाले. (संघटना म्हटली की हे आलंच!) तरीही २०१४ साली रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्य समितीनं लहान मच्छीमारांसाठी मार्गदर्शक सूचना मान्य केल्या, त्यामागे या दोन्ही मंचांचा रेटा होता. सूचना ऐच्छिक आहेत. पाळल्या नाहीत तर नोटीस येत नाही.

आफ्रिकेतल्या मच्छीमारांची वाट थोडी वेगळी आहे. दक्षिण आफ्रिकेत परवान्यांच्या वाटपातून वगळलेले पारंपरिक मच्छीमार समता न्यायालयात गेले, २००७ साली त्यांना दिलासा मिळाला आणि २०१२ साली लघु मासेमारीचं स्वतंत्र धोरण आलं. शिवाय तिथं देशाच्या वर आणि रोमच्या खाली एक मधली पायरी आहे, ती म्हणजे आफ्रिकी संघ. त्यानं २०१४ साली अख्ख्या खंडासाठी मत्स्यधोरणाची चौकट मान्य केली आणि लघु मासेमारीला तिच्यात वेगळं स्थान दिलं. २०१० साली उभा राहिलेला तिथल्या पारंपरिक मच्छीमार संघटनांचा महासंघ सेनेगलमधून कारभार चालवतो आणि खंडाच्या व्यासपीठावर आपली बाजू मांडतो. आफ्रिकी संघाचा शब्द सदस्य देश नेहमी पाळतात असं नाही, पण दार ठोठावायला पत्ता तरी आहे.

अरबी समुद्रावर तशी पायरी कामाची झाली असती. सागरी सीमा ओलांडली म्हणून भारताचे मच्छीमार कराचीत आणि पाकिस्तानचे गुजरातेत तुरुंगात पडतात, आणि त्यांच्या सुटकेची वेळ दोन सरकारांच्या मर्जीवर ठरते. दक्षिण आशियासाठी सार्क ही संघटना आहे. तिची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला भरली होती.