कांडवेल बांधली म्हणून हाड जुळले?

कन्नड तालुक्यातल्या पिशोर भागात कुणी मोटारसायकलवरून घसरून पाय मोडून घेतला, की एक्स-रे निघायच्या आधीच सल्ले सुरू होतात. एक म्हणतो कांडवेल वाटून बांधा, दुसरा हळदीचे दूध सांगतो, तिसरा गुळवेलीचा काढा. हे सगळे खुळचट नाही, पण सगळे खरेही नाही. मुळात घोळ होतो तो एका समजुतीने: सूज म्हणजे दुखणे, ती जितकी लवकर उतरेल तितके हाड लवकर जुळेल.

प्रत्यक्षात सुरुवातीच्या सुजेशिवाय हाड नीट जुळतच नाही. हाड मोडले की तिथे रक्त साकळते. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पोहोचतात, मागोमाग मॅक्रोफेज येतात. हे मॅक्रोफेज मेलेल्या पेशी गिळून जागा साफ करतात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-6 असली संदेशवाहक प्रथिने सोडून हाड घडवणाऱ्या पेशींना बोलावून घेतात. पुढे काही दिवसांनी मॅक्रोफेजचाच पवित्रा बदलतो. दाह पेटवायचे सोडून ते तो शमवू लागतात. दोन-तीन आठवड्यांत मऊ कूर्चा तयार होते आणि मग तिच्यात कॅल्शियम भरत जाते. टीएनएफचा संदेश घेऊच न शकणाऱ्या उंदरांवर प्रयोग झाले, तेव्हा त्यांची मोडलेली हाडे उशिरा जुळली. जुने हाड झिजवणाऱ्या पेशीसुद्धा मॅक्रोफेजच्याच भावकीतल्या. हाडे आणि प्रतिकारशक्ती यांचा असा एकत्र अभ्यास करणाऱ्या शाखेला ‘ऑस्टिओइम्युनॉलॉजी’ हे नाव 2000 साली मिळाले. म्हणजे सूज वेळेवर यावी आणि वेळेवर जावी. वनस्पतींच्या रसायनांचा उपयोग झालाच, तर तो ही वेळ साधण्यात होईल, अशी संशोधकांना आशा आहे.

हळदीचे घ्या. प्रयोगशाळेत तिच्यातले करक्युमिन हे रसायन मॅक्रोफेजना शांत करते, हे वारंवार दिसले आहे. पण हळदीत करक्युमिन असते जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास आणि त्यातलेही पोटातून रक्तात फारच थोडे उतरते. बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये करक्युमिनसोबत मिऱ्यातले पायपेरीन दिले, तेव्हा शोषण वीसपट वाढले. पण तिथे दोन ग्रॅम शुद्ध करक्युमिन होते, पेलाभर दुधातली चमचाभर हळद नव्हे. दूध जरूर प्यावे, त्यातले कॅल्शियम आणि प्रथिने कामाचीच आहेत. प्लास्टरची जागा मात्र ते घेणार नाही. पिशोरच्या शिवारात पिकणाऱ्या अद्रकीचेही तेच: तिच्यातले जिंजेरॉल पेशींवर परिणाम करते, पण चहातल्या अद्रकीने हाड सांधल्याचा पुरावा नाही.

कांडवेलीची बाजू जरा भक्कम आहे. कुंपणावर चढणारी, चौकोनी कांड्यांची ही वेल चिरली की रसाने हात खाजतात. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. बनारस हिंदू विद्यापीठात के. एन. उडुपा आणि जी. सी. प्रसाद यांनी 1960 च्या दशकात प्राण्यांवर तिचे प्रयोग केले. कॉर्टिझोन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले की हाड जुळणे रेंगाळते; अशा प्राण्यांतही कांडवेलीने फरक पडल्याचे त्यांनी 1963 मध्ये मांडले. नंतर माणसांवरही काही अभ्यास झाले, पण थोड्याच रुग्णांवर. म्हणून मी तिला थोतांड म्हणणार नाही. सिद्ध औषधही म्हणणार नाही. शिवाय दहा वर्षांच्या पोराचे मनगटाचे साधे फ्रॅक्चर काही आठवड्यांत जुळतेच, वर काहीही बांधा. श्रेय मात्र वेलीला जाते.

आणि गंमत बघा, कांडवेलीसाठी रानोमाळ फिरणारे घर रुग्णाच्या खिशातली बिडी काढून घेत नाही. निकोटीन हाड जुळण्याला नक्की खीळ घालते. त्यासाठी नव्या संशोधनाची वाट पाहायची गरज नाही.

गुळवेलीबाबत सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ‘प्रतिकारशक्ती वाढली की बरेच’. करोनाकाळात, सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये, मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की ती वनस्पती गुळवेलच होती याची खात्री करून घेतलेली नाही. वाद असो; चेतवलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटू शकते, हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक आहे.

खरा धोका लेपात कमी आणि वर करकचून बांधलेल्या बांबूच्या कामट्यांत जास्त. आतली सूज वाढते, पट्टी सैल होत नाही, रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. तेव्हा पट्टी कुणीही बांधलेली असो, बोटे निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा हलवताना असह्य कळ आली, तर ती तिथल्या तिथे सैल करा आणि रुग्णाला थेट कन्नडला किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्या. सकाळची वाट पाहू नका. आणि काढा, चूर्ण, लेप जे काही चालू असेल ते डॉक्टरांना न लाजता सांगा. रक्त पातळ करण्याची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल, तर आधी सांगा.