दरकरार : एक दुर्लक्षित सामाजिक प्रश्न

राखीव जागांचा विचार आपण शिक्षण आणि नोकरी यांपुरताच करीत आलो. शासन हे फार मोठे गिऱ्हाईकही आहे, याकडे चळवळीचे लक्ष क्वचितच गेले. वसतिगृहातील चादरी, अंगणवाडीतील खाऊ, महापालिकेचे झाडू हे सारे कुणाकडून तरी विकत घेतले जाते. झाडू मारणारे हात कुणाचे, हे सांगायला नको. झाडू पुरविणाऱ्याचे नाव मात्र आपण कधी विचारले?

एरवी प्रत्येक मोठ्या खरेदीसाठी स्वतंत्र निविदा निघते. दरकरारात तसे नसते. एकदाच वस्तूचा दर, दर्जा आणि पुरवठादार ठरतात. माल किती घेणार हे ठरत नाही. मग मुदत संपेपर्यंत निरनिराळी खाती त्याच दराने पुरवठा-आदेश देत राहतात. युरोपात असल्या चौकट-कराराची मुदत सामान्यतः चार वर्षांपलीकडे जाऊ देत नाहीत. सोय खरी आहे. वेळ वाचतो, घाऊक भाव मिळतो. पण यादीत शिरलेला आत राहतो आणि बाहेरचा मुदतभर बाहेरच. गावकुसाचा अनुभव असलेल्यांना हे उलगडून सांगण्याची गरज नाही.

१३ फेब्रुवारी २०१५ रोजी राज्याच्या महिला व बालविकास विभागाने एकाच दिवशी २४ शासननिर्णय काढून सुमारे २०६ कोटी रुपयांच्या खरेदीला मान्यता दिली. त्यात चिक्की होती, चटया होत्या. नवी निविदा न काढता, दरकराराच्या आधारे. मोठे वादंग झाले. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या चौकशीत आरोप टिकले नाहीत. माझ्या मते पैसे कुणी खाल्ले का, एवढाच प्रश्न नव्हता. एवढी खरेदी नव्या स्पर्धेवाचून होऊ शकते, हाच खरा प्रश्न होता. १ डिसेंबर २०१६ रोजी राज्याने खरेदीची नवी नियमपुस्तिका काढली. पण नियमपुस्तिका म्हणजे कायदा नव्हे. तामिळनाडूने १९९८ साली, कर्नाटकाने १९९९ साली निविदांचा कायदा केला. केंद्राचे २०१२ चे विधेयक मात्र संमत न होताच लोपले.

कायदा नसला तरी घटनेचे कलम १४ आहे. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेवरून १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शासनसंस्थेने जाहीर केलेली पात्रतेची अट तिला स्वतःलाही मोडता येत नाही. (गंमत अशी की, दाद मागायला उशीर झाला म्हणून तक्रारदाराच्या हाती काही लागले नाही.) पण अटच बहिष्कृत करणारी असेल तर? अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, महिला मंडळे व बचत गट घ्यावेत, असे न्यायालयाने २००४ सालीच म्हटले होते. तरी २०१६ च्या राज्याच्या निविदेत अशा अटी आल्या की, लहान गट दाराबाहेरच राहावेत. वैष्णोराणी महिला बचत गटाच्या खटल्यात २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती निविदा रद्द केली. अट कागदावर जातीचे नाव घेत नाही. उलाढालीचा आकडा तेच काम करतो, कारण भांडवल पिढ्यान्‌पिढ्या कुणाकडे साचले हे उघड आहे.

केंद्राच्या २०१२ च्या आदेशानुसार केंद्रीय खाती व उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे. अशा उद्योगांना अनामत रकमेची सूटही आहे. पनवेलमधील तेल व नैसर्गिक वायू महामंडळाला हा आदेश लागू आहे. त्याच गावातील महापालिकेला नाही. शिवाय आपले पुरवठादार पुढे आले नाहीत तर तो वाटा इतर लघुउद्योगांकडून भरून काढण्याची मुभा आहे, आणि त्या मुभेचा भरपूर लाभ घेतला गेला.

म्हणून निविदा हाती आली की आधी तीन गोष्टी पाहाव्यात : मागितलेली उलाढाल, मागितलेला अनुभव आणि किती गावांचा पुरवठा एका गठ्ठ्यात बांधला आहे. हरकत घ्यायची ती निविदापूर्व बैठकीत, लेखी, आणि पोच घेऊन.