घाटातले बोगदे मोजताना

कर्जतला गाडी थांबली. पुढे बोरघाटाचा चढ, काही ठिकाणी तर 37 फुटांना 1 फूट! म्हणून मागून रेटायला जादा इंजिने जोडली गेली. तेवढ्यात आम्ही वडापाव घेऊन खिडकीशी बसलो. पळसदरी मागे पडली. पावसाळ्याचे दिवस, हिरवेगार रान, कड्यांवरून कोसळणारे धबधबे. धाकटी लेक बोटांवर बोगदे मोजू लागली. मंकी हिल येईतो बोटे संपली.

"आई, एवढे कुणी खणले?" तिने विचारले.

या घाटाचे काम 1856 साली सुरू झाले व 1863 साली गाडी धावली. त्या मूळ मार्गावर 25 बोगदे होते. सुरुंग, दरडी आणि पटकीने हजारो मजूर दगावले. 1859 च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीसाठी ते चिडून उठलेही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला, पत्नी ॲलिसने कंत्राट पुढे चालवले, हे इतिहासात नोंदले आहे. मजुरांची नावे मात्र कुठेच नाहीत.

वाचकहो, या वाटेने जाल तेव्हा मुलांना धबधबे जरूर दाखवा. आणि बोगद्यात अंधार झाला, की तो कष्टकऱ्यांच्या हातांनी खोदला, हेही सांगा.