कांद्याचा कोंब आणि अणूचा गर्भ

मागे राहात्याच्या कांदा बाजारात एका वृद्ध शेतकऱ्याने मला अडवले. "मास्तर, लासलगावला कांद्यावर अणूचे किरण सोडतात म्हणे. तसला कांदा खाल्ला तर ते विष आपल्या अंगात उतरायचं नाही ना?" शंका रास्त होती. तिचे उत्तर अणूच्या गर्भात आहे.

हा गर्भ केवढा? कांद्यातील ऑक्सिजनचा एक अणू दहा एकरांच्या चौकोनी शेताएवढा फुगवला, तर त्याचा गर्भ मधोमध पडलेल्या हरभऱ्याच्या दाण्याएवढा भरेल. बाकी सारे रान मोकळे. त्यात काय ते इलेक्ट्रॉन. आणि तरी अणूचे जवळजवळ सगळे वजन त्या दाण्यात! 1911 साली रदरफोर्ड यांनी हे दाखवून दिले.

त्या दाण्यात आठ प्रोटॉन आणि आठ न्यूट्रॉन दाटीने बसलेले असतात. आता पाहा, प्रोटॉन सगळे धन विद्युतभाराचे, म्हणजे एकमेकांना दूर लोटणारे. मग गर्भ उधळून का जात नाही? 1935 मध्ये जपानच्या युकावा यांनी याचा उलगडा मांडला. या कणांमध्ये एक निराळेच आकर्षण असते. विजेच्या लोटण्याहून ते पुष्कळ बळकट, पण पल्ला अगदी आखूड, शेजाऱ्यापुरता. चुंबक लांबून ओढतो. हे मात्र गुळाच्या खड्यांसारखे, टेकले तरच चिकटते. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही. तो लोटत नाही, चिकटवतो मात्र.

मग न्यूट्रॉन जितके जास्त तितका गर्भ पक्का, असे वाटेल. तसे नव्हे, प्रमाण राखावे लागते. नेहमीच्या कोबाल्ट धातूच्या गर्भात 27 प्रोटॉन आणि 32 न्यूट्रॉन. तो जसाच्या तसा टिकतो. अणुभट्टीत ठेवला की तो एक न्यूट्रॉन जादा गिळतो आणि बिघडतो. पुढे केव्हातरी त्यातला एक न्यूट्रॉन इलेक्ट्रॉन फेकून स्वतः प्रोटॉन बनतो, कोबाल्टचे निकेल होते, आणि उरलेली ऊर्जा दोन गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर पडते. असे निम्मे कोबाल्ट सव्वापाच वर्षांत सरते. भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 साली लासलगावला केंद्र उभारले, ते याच किरणांसाठी. कोबाल्ट बंद नळ्यांत असते. कांद्याला ते शिवत नाही. लागतात ते फक्त किरण.

या दोहोंतल्या जोरकस किरणाची ऊर्जा सुमारे 13 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कांद्यातील कार्बन किंवा ऑक्सिजनच्या नेहमीच्या गर्भातून एक कण उपटायचा, तर 120 लाखांच्या वर लागतात. तेव्हा गर्भ अभंग राहतो आणि कांदा स्वतः किरण सोडू लागत नाही. रेणूंचे बंध मात्र चार-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. ते तुटतात, कोंबाच्या कोवळ्या पेशी दुभागेनाशा होतात आणि मोड खुंटतो.

आबांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "आन् चाळीत सडतो त्याचं काय?"

त्यावर हे किरण उपयोगी नाहीत, हे मला कबूल करावे लागले. एवढ्या थोड्या मात्रेने सडवणारी बुरशी मरत नाही. त्यासाठी कांदा नीट सुकवून, पात वाळवून, हवा खेळेल अशा चाळीतच भरला पाहिजे. आणि किरण द्यायचे तेही काढणीनंतर लौकर, कोंब आत जागा होण्याआधी.

"म्हंजे चाळ सुटत नाही," आबा म्हणाले, आणि लिलावाकडे वळले.