बोरू तासणारे हात

माझे आजोबा १९०५ च्या सुमारास कोकणातल्या मराठी शाळेत जात. त्यांच्या दप्तरात विकतची वस्तू जवळजवळ नव्हतीच. फळीवर विटेची पूड पसरली की धूळपाटी तयार. काजळी, डिंक आणि पाणी खलून शाई घरीच करायची. आणि बोरू ज्याचा त्याने तासायचा.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आजोबांनी मला बोरू तासायला बसवले. टोक तिरपे कापायचे आणि शाई उतरावी म्हणून मधोमध बारीक चीर द्यायची. माझी चीर लांबली आणि कागदावर शाईचा डबका पडला. मी म्हटले, ‘‘आजोबा, शाईच पातळ आहे.’’ ते म्हणाले, ‘‘माझ्या बोरूला चालते ना तीच शाई? मग तुझा बोरू बघ.’’ त्या दिवशी मी तीन बोरू वाया घालवले. चौथ्याने ‘श्री’ नीट उमटला.

पुढे शिक्षक झाल्यावर मला ‘स्लॉइड’ या स्वीडिश शिक्षणपद्धतीविषयी वाचायला मिळाले आणि तो बोरू आठवला. स्लॉइड म्हणजे शाळेतले हस्तकाम, विशेषतः लाकूडकाम. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांच्या प्रयत्नांनी ते १८६६ साली लोकशाळांत आले. स्वीडनमध्ये ऑटो सॉलोमन यांनी नेस येथे त्याची शिस्तशीर मांडणी केली. तिथे शिकून गेलेल्या देशोदेशींच्या शिक्षकांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांच्याही हातात सुरी आणि रंधा आला होता.

सुरुवात सुरीपासून होई, कारण खेड्यातल्या मुलाला सुरी ओळखीची. आधी साधी काठी, मग चमचा, पट्टी, शेवटी खाचा पाडून जोडलेली पेटी. प्रत्येक वस्तूबरोबर एखादे नवे हत्यार किंवा नवी कृती यायची. वस्तू शोभेची नको, घरात वापरता येईल अशी हवी. प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे जाई. आणि एक कडक नियम होता : शिक्षकाने मुलाच्या कामाला हात लावायचा नाही.

या नियमात सगळे मर्म आहे, असे मला वाटते. कोपरा काटकोनात आहे की नाही, हे गुण्या लावला की मुलालाच दिसते. पट्टी वाकडी झाली तर रेघही वाकडी येते. तिथे मास्तरांची छडी लागत नाही आणि शाबासकीही फुकट मिळत नाही. सॉलोमन यांना सुतार तयार करायचे नव्हते. स्वतःची चूक स्वतः ओळखणारा माणूस घडवायचा होता. आपल्याकडे १९३७ साली वर्धा योजनेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी आणला. त्यातून शिक्षणाचा खर्चही निघावा, ही त्यांची अपेक्षा मात्र वेगळी होती.

मध्यंतरी नातवाला शाळेत ‘प्रकल्प’ करून न्यायचा होता. कोपऱ्यावरच्या दुकानात पवनचक्की तयार मिळाली. पैसे मीच दिले. त्याला पैकीच्या पैकी गुण पडले. घरी आल्यावर त्याने विचारले, ‘‘आजोबा, ही फिरते कशी?’’

मला उत्तर देता आले. पण ते त्याच्या हातांना ठाऊक व्हायला हवे होते. गेल्या रविवारी आम्ही दोघांनी पुठ्ठा, टाचणी आणि कात्री घेतली. पहिली पवनचक्की फिरलीच नाही. मी हात लावला नाही. आता तो दुसरी करतो आहे.