‘स्टेबल’ म्हणजे काय हो, डॉक्टर?

गेल्या पावसाळ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अ‍ॅडमिट केलं होतं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "पेशंट स्टेबल आहे." माझा जीव भांड्यात पडला. लगेच नाशिकच्या वन्संना फोन लावला, "अण्णा बरे आहेत, रात्रीची धावपळ करू नका. रविवारी सावकाश या."

पहाटे अण्णा गेले. वन्सं आल्या त्या अंत्यदर्शनालाच. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण मला ते अजून बोचतं.

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागेच लागले. तसा तो आपल्या घरातलाच. जावयाची नोकरी स्टेबल हवी, सरकार स्टेबल हवं, फ्रिजला स्टॅबिलायझर हवा! लेकीची डिक्शनरी उघडली, तर दुसरा अर्थ निघाला घोड्यांचा तबेला. दोन्हींचं मूळ लॅटिन, ‘उभं राहणं’ या अर्थाचं. आपलं ‘स्थिर’सुद्धा ‘स्था’ म्हणजे उभं राहणं यावरूनच आलेलं. लांबची भावंडंच म्हणा ना!

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. स्टेबल म्हणजे माणूस तग धरून आहे, इतकंच. नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन या घडीला फार खालीवर होत नाहीत. तेही कधी औषधांच्या, कधी व्हेंटिलेटरच्या आधारानं. आजार गेला असं त्यात कुठेच नाही.

छातीच्या दुखण्यातही हाच शब्द येतो. जिना चढताना, कष्टाचं काम करताना छातीत दुखतं आणि थांबलं की कमी होतं, तो ‘स्टेबल अंजायना’. उपचार त्यालाही हवेतच. पण बसल्याजागी दुखायला लागलं, वरचेवर किंवा जास्त वेळ दुखायला लागलं, तर ते ‘अनस्टेबल’. मग "सकाळी बघू" म्हणायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

म्हणून मैत्रिणींनो, डॉक्टर ‘स्टेबल’ म्हणाले की मान डोलावून गप्प बसू नका. न लाजता विचारा, "कशाच्या आधारावर स्टेबल आहेत? धोका टळलाय का? पुढचे किती तास काळजीचे? लांबच्या माणसांना बोलावून घेऊ का?"

हा शेवटचा प्रश्न त्या संध्याकाळी मला सुचला नाही. तुम्हाला सुचावा, म्हणून हे लिहिलं.